डिसेक्शन हॉलपासून अतिदक्षता विभागापर्यंत: डॉक्टरी पेशातले नैतिक पेच

डॉक्टरांचे नैतिक पेच आणि डॉक्टरांचे गैरवर्तन यांची चर्चा बहुधा एकाच दमात होते आणि दोन्हींची गल्लत होते. खोटा दाखला देणारा किंवा गर्भाचे लिंग सांगून पैसे करणारा डॉक्टर पेचात नसतो. योग्य काय ते त्याला ठाऊक असते, तो ते करत नाही, इतकेच. दोन्ही बाजूंना काहीतरी खरे असते तेव्हा पेच पडतो. रुग्णाची इच्छा आणि त्याचे हित, समोरच्या रुग्णाची गरज आणि रांगेतल्या इतरांचा हक्क, गुपित राखण्याचे वचन आणि तिसऱ्याच माणसाचा जीव, अशा जोड्या समोरासमोर उभ्या ठाकतात. टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकी अभ्यासकांनी 1979 मध्ये मांडलेली चार तत्त्वे, म्हणजे रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, अपाय टाळणे आणि न्याय, आज भारतातही शिकवली जातात. पण त्यांतली दोन एकमेकांवर आदळली तर कोणते वरचढ मानायचे, हे ती सांगत नाहीत. भारतात आजही 2002 ची वर्तनसंहिता चालू आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. संहिता मनाई बरीच करते, पण पेचात वाट कशी काढावी याबद्दल तिच्यात फारसे काही नाही.

भारतातल्या रुग्णालयांत आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. इथले कित्येक पेच डॉक्टरच्या मनात जन्मत नाहीत. ते अपुऱ्या खाटा, अपुरे हात आणि रुग्णाच्या रिकाम्या खिशातून येतात. व्यवस्थेने जे सोडवायचे ते सोडवले नाही की शेवटी ते एकट्या डॉक्टरच्या विवेकावर येऊन पडते, आणि सर्वांत आधी पडते ते सर्वांत कनिष्ठाच्या विवेकावर.

विद्यार्थ्याची वैद्यकाशी पहिली गाठ पडते ती डिसेक्शन हॉलमध्ये. तिथल्या टेबलावरचा देह कोणाचा असतो? मुंबई प्रांतात 1949 साली झालेल्या शरीररचनाशास्त्राच्या कायद्याने सरकारी रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मरण पावलेल्या आणि 48 तासांत जवळच्या कोणीही न मागितलेल्या माणसाचा देह महाविद्यालयाला देण्याची सोय केली. म्हणजे ज्याने जिवंतपणी कशालाच संमती दिली नाही, अशा फुटपाथवरच्या माणसाच्या देहावर पिढ्यान् पिढ्या डॉक्टर शिकत आले. देहदानाच्या चळवळीने यात मोठा फरक पडला. स्वेच्छेने दिलेला देह आणि कोणी न्यायला आले नाही म्हणून मिळालेला देह यांत शास्त्राच्या दृष्टीने भेद नसेल, नीतीच्या दृष्टीने मोठा आहे. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा वेगळा भाग आला. मृतदेह हा पहिला शिक्षक, हा त्यातला अगदी सुरुवातीचा धडा आहे. पण तो देह तिथवर कसा आला, हा प्रश्न वर्गात विचारला गेला तरच त्या धड्याला अर्थ.

पुढे वॉर्ड. सुई टोचणे, सलाईन लावणे, प्रसूती करणे, पोटात नळी घालणे हे सगळे कोणावर तरी पहिल्यांदा करावेच लागते. ते पहिले कोणीतरी जवळपास नेहमी जनरल वॉर्डातले असते. खासगी खोलीतल्या रुग्णाची शीर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती सहसा दिली जात नाही. शिकण्याची गरज खरी आहे. शिकलेल्या हातांचा फायदा उद्या सगळ्यांनाच होणार आहे. मात्र त्या शिकण्याचा भार एकाच वर्गाच्या अंगावर पडतो, आणि हा न्यायाचा प्रश्न आहे. यावर पूर्ण तोड नाही. तरी मॅनेकिनवर आधी सराव करणे, वरिष्ठाने शेजारी उभे राहणे, आणि “मी विद्यार्थी आहे, मी तपासलं तर चालेल का?” असे सरळ विचारणे यांनी पेच बराच निवळतो. राउंडला वीस विद्यार्थी खाटेभोवती उभे असताना पडदा न ओढता एखाद्या बाईचे पोट उघडे करून तपासले जाते, तेव्हा वेळेची बचत एवढेच कारण पुरेसे नसते. पडदा ओढायला दहा सेकंद लागतात.

विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती वरिष्ठ चुकत असताना. युनिट हेडने रुग्णावर खेकसावे, संमतीपत्रावर न वाचता अंगठा घ्यायला सांगावे, न केलेल्या तपासणीची नोंद करायला लावावे, अशा वेळी बोलायचे तर प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण आणि पुढची जागा त्याच माणसाच्या हातात असते. गप्प राहायचे तर सवय लागते. पाठ्यपुस्तकातही चूक असू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. बलात्कारपीडितेच्या तपासणीत ‘टू फिंगर टेस्ट’ नावाचा प्रकार न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे शास्त्र म्हणून शिकवला गेला. ती तपासणी अशास्त्रीय आणि अपमानकारक आहे, हे सेवाग्रामचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 च्या सुमारास साधार मांडले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही तपासणी खासगीपणाचा भंग ठरवली आणि 31 ऑक्टोबर 2022 च्या निकालात ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावून अभ्यासक्रम तपासण्याचा आदेश दिला. तोवर ती करणारे बहुतेक डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना शिकवले तसे त्यांनी केले होते. प्रश्न न विचारता शिकण्याची ही किंमत त्या मुलींनी मोजली.

निवासी डॉक्टरांचा पेच वेगळ्या जातीचा आहे. 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग कामाची मर्यादा साधारण 12 तास आणि आठवड्याला 48 तास ठेवली. प्रत्यक्षात सलग दीड दिवसाची ड्यूटी हे मोठ्या सरकारी रुग्णालयांत नेहमीचे चित्र आहे. छत्तीस तास जागा असलेला माणूस औषधाचा डोस लिहितो तेव्हा धोका रुग्णाला असतो, हे त्यालाही कळते. तरीही “मी आता थकलोय, दुसऱ्याला बोलवा” असे म्हणायला दुसरा कोणी नसतो. त्यात रुग्ण दगावला की जमाव अंगावर येतो. मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतके मारले की डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि उच्च न्यायालयाने त्यांना कामावर परतायला सांगितले. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातल्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर हेच देशभर झाले. वैद्यकीय आस्थापनांमधली हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, पण कायद्याने वॉर्डाच्या दारात पहारेकरी उभा राहत नाही. संप करणाऱ्या डॉक्टरला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे, तसेच त्याच्या संपाला सरसकट पवित्र मानणेही. ओपीडी बंद ठेवून कॅज्युअल्टी चालू ठेवणे ही निवासी डॉक्टरांनीच शोधलेली मधली वाट आहे आणि आजवरच्या वाटांत ती सर्वांत सुसह्य आहे. तरीही लांबच्या गावाहून एसटीने आलेल्या माणसाची तारीख पुढे जातेच.

संमतीचा प्रश्न कागदावर सुटलेला दिसतो. समीरा कोहली प्रकरणात फक्त दुर्बिणीतून तपासणीची संमती होती, पण रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या वतीने आणीबाणी नसताना दुसऱ्या कोणी सही करणे वैध नाही. वॉर्डात मात्र अजूनही “इथे सही करा” हेच संमतीचे दुसरे नाव आहे. फॉर्मवरचे मराठी वाचून कोणालाही काही कळत नाही, अशी त्याची भाषा असते.

त्याहून नाजूक गोष्ट सत्य सांगण्याची. बायोप्सीचा रिपोर्ट आला की थोरला मुलगा डॉक्टरला व्हरांड्यात गाठतो. “डॉक्टरसाहेब, आण्णांना काही सांगू नका हं. गाठ आहे, काढली की बरं होईल, एवढंच सांगा.” आण्णा आत खाटेवर असतात. रक्त त्यांचे, पोट त्यांचे, आणि बहुतेक वेळा बचतही त्यांचीच. स्वायत्ततेचा नियम सांगतो की माहितीवर पहिला हक्क रुग्णाचा. घरचे म्हणतात, आमच्याकडे आजारपण एकट्याचे नसते. तेही खोटे नाही, कारण पैसा, पथ्य, उशाशी जागणे सगळे घरच करते. बहुतेक अनुभवी कर्करोगतज्ज्ञ यात मधला मार्ग काढतात. ते आधी रुग्णालाच विचारतात, “तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की मुलाशी बोलू?” काही रुग्ण खरोखरच मुलाशी बोला म्हणतात, आणि तीही स्वायत्तताच आहे. पण हा प्रश्न न विचारता घरच्यांचे ऐकणे हे रुग्णाच्या नव्हे, डॉक्टरच्या सोयीचे असते. केमोथेरपी सुरू झाली, केस गळू लागले की आण्णांना कळतेच. मग घरात दोन्ही बाजूंनी नाटक सुरू होते आणि मृत्युपत्र, देणीघेणी, लेकीची भेट हे सारे राहून जाते.

गुप्ततेचे पेच कायद्याने थोडे सोपे केले आणि थोडे अवघडही. रुग्णाला एचआयव्ही असल्याचे त्याच्या होणाऱ्या जोडीदाराला सांगावे का, हा वाद 1998 पासून न्यायालयांत आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने उत्तर दिले ते असे: जोडीदाराला खरा धोका असेल, समुपदेशनानंतरही रुग्ण स्वतः सांगणार नसेल आणि रुग्णाला तशी कल्पना दिली असेल तरच डॉक्टर सांगू शकतो. सांगितल्याने हिंसा होईल किंवा टाकून दिले जाईल अशी भीती असेल, विशेषतः रुग्ण स्त्री असेल, तर सांगू नये. अल्पवयीन मुलीच्या गर्भधारणेत पेच आणखी घट्ट होतो. पॉक्सो कायदा 2012 नुसार अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध झाल्याचे कळताच पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने ज्याच्याशी संबंध आला त्याला तुरुंगात पाठवायला नको म्हणते. डॉक्टरने कळवलेच तर पुढची मुलगी दवाखान्यात येणार नाही, ती कुठल्या तरी गोळीवर विश्वास टाकेल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये वाट काढली: मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही वाट किती डॉक्टरांना आणि किती पोलीस ठाण्यांना माहीत आहे, हा पुढचा प्रश्न.

स्त्रीच्या शरीरासंबंधीच्या पेचांत महाराष्ट्राचा इतिहास अभिमानाचा आणि लाजेचा, दोन्ही आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 894 मुली उरल्या होत्या, बीड जिल्ह्यात 807. इथे पेच नाही, गुन्हा आहे. पेच उद्भवतो तो गर्भपाताच्या मुदतीत. 2008 मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याने वीस आठवड्यांनंतर गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने ती नाकारली. तेव्हा सुरू झालेल्या वादाचा शेवट 2021 च्या दुरुस्तीत झाला. आता ठरावीक गटांतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही मुभा आहे.

बीडचाच दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात मागणी रुग्णाचीच असते. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. एक कोयता म्हणजे दोघे मिळून. बाईला पाळीत किंवा अंगावरून जाण्याच्या त्रासात एक दिवस थांबावे लागले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाण्याची, आडोशाची सोय नसलेल्या कोपीत संसर्ग वाढतो. मग तिशीतली बाई डॉक्टरला म्हणते, “पिशवीच काढून टाका, कायमची कटकट जाईल.” 2019 मध्ये तत्कालीन विधान परिषद उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिकांची गर्भाशये काढलेली आढळली. काही डॉक्टरांनी “पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल” अशी भीती घालून पैसे केले, ते वेगळे. पण प्रामाणिक डॉक्टरपुढेही बाई तीच मागणी घेऊन बसते. तिच्या स्वायत्ततेला मान द्यायचा तर शस्त्रक्रिया करावी लागते. हित पाहायचे तर गोळ्या आणि उपचार देऊन थांबायला हवे, कारण तरुणपणी गर्भाशयाबरोबर अंडाशये गेली की हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. थांबायला मात्र तिच्याकडे दिवस नाही. अशा मागणीला स्वेच्छा म्हणणे चुकीचे आहे. ती मागणी मजुरीच्या पद्धतीने तिच्या तोंडी घातलेली असते. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीची अट घातली गेली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयकाढणीबाबतची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत असे सांगितले. परवानगीने शस्त्रक्रिया कमी होतील. खाडा मात्र तसाच राहील, आणि त्यावर डॉक्टरकडे औषध नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारे कमिशन, म्हणजे ‘कट’, 2002 च्या संहितेत निषिद्ध आहे. 2017 मध्ये महाराष्ट्राने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, तो कायदा झालाच नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या 78 डॉक्टरांशी बोलून जे लिहिले (‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’), त्यातून दिसते की कट न देणाऱ्या नव्या डॉक्टरचा दवाखाना रिकामा राहतो. घेणे हा उघड अपराध आहे. पण कर्ज काढून शिकलेला, कर्ज काढून सोनोग्राफी मशीन आणलेला तरुण तज्ज्ञ ‘न देता टिकायचे कसे’ या प्रश्नाशी झगडतो, तेव्हा तो खरोखर पेचात असतो. औषध कंपन्यांच्या भेटवस्तूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये अशा खर्चावर करसवलत नाही असे ठरवले आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने विपणनाची एकसमान संहिता काढली. दंडाचे दात तिला फारसे नाहीत.

संशोधनाच्या नीतीची चर्चा बहुतेक वेळा औषध कंपन्यांच्या चाचण्यांभोवती फिरते. 2019 च्या नियमांनी त्यांत नीतिसमितीची नोंदणी आणि नुकसानभरपाई यांची चौकट घातली. गडचिरोलीचे उदाहरण अधिक विचार करायला लावते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायांच्या हाती नवजात बाळांची घरगुती काळजी सोपवली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्याच देत. तुलनेसाठी 47 गावे होती. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पेच दुहेरी होता. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती इंजेक्शन देणे योग्य का, आणि उपाय हाताशी असताना तुलनेच्या गावांतली बाळे तशीच ठेवणे योग्य का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीने दिले: त्या खेड्यांत इंजेक्शन देणारा डॉक्टर नव्हताच, त्यामुळे निवड बाई आणि डॉक्टर यांत नव्हती, बाई आणि मृत्यू यांत होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. तुलना नसती तर हा पुरावा सरकारने मानला नसता, आणि 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात काळजी देशभर गेली ती याच पुराव्यावर.

मृत्यूच्या प्रश्नांतले गाजलेले प्रकरण मुंबईचे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत होत्या. त्यांचे अन्न थांबवावे ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केले. तिथल्या परिचारिकांचा याचिकेला विरोध होता. इतकी वर्षे एकही शय्याव्रण होऊ न देता त्यांनी आपल्या सहकारिणीची शुश्रूषा केली होती, आणि त्यांच्या शब्दाला न्यायालयाने वजन दिले. 2018 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आधी लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा यांना मान्यता दिली. जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली: न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, आणि दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो 48 तासांत निर्णय द्यायचा असतो.

बहुसंख्य मृत्यू मात्र या वाटेने जातच नाहीत. अतिदक्षता विभागात सातव्या-आठव्या दिवशी बिल हाताबाहेर जाते आणि नातेवाईक ‘डामा’ मागतात, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याची सही. व्हेंटिलेटर काढून अँब्युलन्समध्ये हाताने अंबू बॅग दाबत रुग्ण गावाकडे निघतो. कागदावर निर्णय घरच्यांचा असतो, डॉक्टर मोकळा असतो. उपचार निष्फळ आहेत हे डॉक्टरलाही पटलेले असताना ‘सल्ल्याविरुद्ध’ असे लिहून घेणे हा सर्वांनी मिळून केलेला खोटेपणा आहे, आणि त्याचा चटका बसतो तो वाटेत धाप लागलेल्या रुग्णाला. डॉक्टरला इथे करण्यासारखे बरेच असते. मंडळाची प्रक्रिया वेळेत सुरू करता येते, घरच्यांना तिसऱ्या दिवशीच खरे काय ते सांगता येते, आणि घरी न्यायचेच ठरले तर मॉर्फिनची सोय करून देता येते. अमली पदार्थ कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसाठी अनेक परवान्यांऐवजी एकच पुरेसा ठरला. तरीही तालुक्याच्या गावी मॉर्फिन ठेवणारे दुकान किंवा रुग्णालय शोधावे लागते, आणि तोवर वेदना सोसणारा माणूस बहुधा पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलवरच असतो.